मिनिमम तीनशे चाळीस

२ नोव्हेंबर, सोमवार

ही वही आणून सव्वा महिना झाला. आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. पहिला आठवडा चांगलं पेन मिळत नव्हतं. मग पेन मिळालं, पण पहिल्या पानावर काय लिहायचं ते सुचेना. शेवटी पहिलं पान सोडून दुसऱ्यापासून सुरू करायचं ठरवलं, तर वहीच सापडेना. ताईनं ती डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवली होती. तिला दोष देत नाही. कोरी वही आणि पुठ्ठा यात बाहेरून फरक दिसत नाही.

असो. आजपासून रोज लिहिणार.

वय सत्तावीस. नोकऱ्या अकरा झाल्या. लिफ्ट दुरुस्ती, पोहण्याच्या तलावावर टॉवेल वाटणं, जहाजांना रंग, वगैरे. लोक याला भटकणं म्हणतात, मी अनुभव म्हणतो. ताई मला भोवरा म्हणते. भोवरा एका जागी उभा राहून फिरतो, हे तिच्या लक्षात येत नाही.

बारावी नोकरी भाऊजींनी लावली. भाऊजी टपालाचं विमान चालवतात, त्यात थोडे प्रवासीही असतात. मी त्यांच्याच विमानतळावर ऑपरेशन्स रूममध्ये, चार्ट असिस्टंट. प्रत्येक पायलटची एक जाड फाइल असते. कुठल्या विमानतळावर कसं उतरायचं, त्याचं एकेक पान तिच्यात. दर अठ्ठावीस दिवसांनी मुख्य ऑफिसातून नव्या पानांचं पाकीट येतं. जुनं पान काढायचं, नवं घालायचं, जुनं फाडून टाकायचं. मग सगळं बदललं म्हणून पायलट फाइलवर सही करतो. माकडालाही जमेल, असं साहेब पहिल्या दिवशी म्हणाले. माकड त्यांनी जवळून पाहिलेलं नसावं.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. तीन महिन्यांत डिस्पॅचरची, म्हणजे विमान सोडायचं की नाही ते जमिनीवरून ठरवणाऱ्याची, परीक्षा. त्यानंतर पायलट.

३ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

गजर पाचलाच झाला. गजराबद्दल तक्रार नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार

मिनिमम कळलं.

हवामान कक्षातल्या बाईंनी सांगितलं. त्या खिडकीशी बसतात आणि ढग किती खाली आलेत ते दर तासाला लिहितात. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात.

गोष्ट अशी. ढगात पायलटला बाहेरचं काही दिसत नाही. जमिनीवरून रेडिओचा एक किरण तिरपा वर सोडलेला असतो. विमानातले काटे त्या किरणावर धरून घसरगुंडीवरून यावं तसं खाली यायचं. पण किती खाली? तो आकडा पानावर छापलेला असतो. आमच्या धावपट्टीला अडीचशे फूट. अडीचशेवर दिवे दिसले तर उतरायचं. नाही दिसले तर एक क्षण न रेंगाळता इंजिनं पूर्ण जोरात लावून परत वर. त्या आकड्याचं नाव मिनिमम, आणि परत वर जाण्याला म्हणतात गो-अराउंड.

बाई म्हणाल्या, गो-अराउंड म्हणजे हार नाही, शहाणपण आहे. हे मला फार पटलं. मी आयुष्यभर तेच करत आलोय, फक्त त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं.

चहाच्या वेळी भाऊजींना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चोवीस वर्षं विमान चालवलंय, तरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आकडा जमिनीवर बसून ठरवायचा. वर गेल्यावर त्याच्याशी घासाघीस नाही."

बोलतात कमी, पण बोलतात ते लिहून ठेवण्यासारखं. म्हणून लिहून ठेवलं.

५ नोव्हेंबर, गुरुवार

पाकीट आलं. एकोणीस पानं, चार फाइली. पानं आजपासूनच लागू. साहेबांची आणि दुसऱ्या दोन पायलटांची फाइल जेवणाआधी हातावेगळी केली. पानाकडे न बघता नुसत्या नंबरावरून बदलायची माझी एक पद्धत बसली आहे. फार वेगवान.

भाऊजींची मुद्दाम शेवटी ठेवली. घरचं माणूस. त्यांना नुसती पानं बदलून देणं बरं दिसत नाही. रंगीत टॅब लावून द्यायचं ठरवलं. डोंगरातल्या विमानतळांना तांबडे, समुद्राकाठच्यांना निळे. स्टेशनरीच्या दुकानात निळे होते, तांबडे बुधवारी येणार होते. शेजारी एकजण जुनी घड्याळं उघडून बसला होता. तिथे दोन तास गेले. घड्याळाच्या पोटात काय असतं ते माणसाला माहीत पाहिजे.

पाचला परत आलो तर भाऊजी निघायच्या घाईत. झालं का, म्हणाले. मी झालं म्हणालो. मनात ते झालेलंच होतं. फक्त तांबडे टॅब राहिले होते. आणि पानं. त्यांनी उभ्याउभ्या सही केली, फाइल काखेत मारली आणि गेले.

पाकीट माझ्या बॅगेत. उद्याचं पहिलं काम.

६ नोव्हेंबर

फाइल विमानात, विमान परगावी. माझा नाइलाज.

९ नोव्हेंबर, सोमवार

मोर्स कोड शिकायला घेतला. जुने पायलट शिकायचे. पाया पक्का हवा. डब्यावर चमच्यानं सराव केला. ताई म्हणाली, हे बंद कर नाहीतर डबा आणि तू दोघे बाहेर. मी मोर्समध्ये उत्तर दिलं. तिला कळलं नाही, ते बरंच झालं.

परीक्षेचा अभ्यास उद्यापासून.

१० नोव्हेंबर, मंगळवार

मोठी बातमी. परवा भाऊजींची वार्षिक परीक्षा. मुख्य ऑफिसातून परीक्षक येणार. या वेळी नुसती परीक्षा नाही. पास झाले की भाऊजी ट्रेनर. नव्या पायलटांना तेच शिकवणार. ताईनं शर्टाला तीनदा इस्त्री केली. भाऊजी काल आंघोळीला गेल्यावर गुणगुणत होते. मी चार महिने या घरात आहे, ते गुणगुणू शकतात हे मला माहीत नव्हतं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी

घरी आलोय. डोकं दुखतंय. क्रमानं लिहितो.

लख्ख ऊन होतं. अशा दिवशी परीक्षा घ्यायची तर पायलटच्या डोळ्यांसमोर पडदा लावतात, म्हणजे त्याला ढगात असल्यासारखं वाटतं. परीक्षकाला बाजूच्या खिडकीतून सगळं दिसत असतं. मी गच्चीवरून बघत होतो. भाऊजी रेघ मारल्यासारखे खाली आले, अडीचशेपर्यंत, तिथून सुरेख गो-अराउंड. मी टाळी वाजवली. गच्चीवर मी एकटाच होतो.

उतरल्यावर सगळे ऑपरेशन्स रूममध्ये. परीक्षक बारीक आवाजाचा माणूस. पाणी प्यायला, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, मिनिमम किती? भाऊजी म्हणाले, अडीचशे. तो म्हणाला, तीनशे चाळीस. गेल्या गुरुवारपासून. सिमेंट कारखान्यानं त्या बाजूला नवी चिमणी बांधली आहे, म्हणून आकडा वर गेलाय. म्हणजे भाऊजी नव्वद फूट जास्त खाली गेले.

नापास.

भाऊजी एवढंच म्हणाले की माझ्या पानावर अडीचशे आहे. साहेबांनी फाइल तिथल्या तिथे कपाटात टाकून कुलूप लावलं. नियमाप्रमाणे आता कोणी हात लावायचा नाही, सोमवारी साक्षीदारांसमोर उघडू, म्हणाले.

मला बॅगेतलं पाकीट आठवलं. पण एकोणीस पानांत नेमकं आमचंच पान असेल असं थोडंच आहे.

संध्याकाळी ६

सगळ्यात वरचं.

१४ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस एका जागी बसवलं नाही. शहराला तीन फेऱ्या मारल्या. पूल, भाजीबाजार, पूल. चालताना डोकं चालतं. शेवटी मार्ग सापडला.

कपाटाची किल्ली चार्ट असिस्टंटकडेच असते. आज सुट्टी, ऑफिसात कोणी नाही. गेलो, फाइल काढली, एकोणीसच्या एकोणीस पानं घातली. जुनी पानं बारीक फाडून टाकली. नियमच आहे तसा. निळे टॅब मात्र लावले नाहीत, उगाच नजरेत भरले असते. तरी इतकी सुबक फाइल त्या इमारतीत दुसरी नसेल. आता सोमवारी उघडतील तर सगळं जिथल्या तिथे. भाऊजींवर ठपका ठेवायला जागाच नाही.

बऱ्याच दिवसांनी एखादं काम शेवटपर्यंत नेलं. हलकं वाटलं. येताना भाजी आणली. ताई म्हणाली, आज सूर्य कुठून उगवला.

१६ नोव्हेंबर, सोमवार

फाइल उघडली. साहेब, दुसरा एक पायलट, बाई साक्षीदार म्हणून, आणि भाऊजी. पान नवं. तीनशे चाळीस, ठळक अक्षरात.

भाऊजी त्या पानाकडे बघतच राहिले. बोट ठेवून वाचलं.

साहेब म्हणाले, जुनं पान निघालं असतं तर ते कागदाचं प्रकरण होतं. आठ दिवसांत पुन्हा परीक्षा घेऊन मिटवलं असतं. पण नवं पान समोर असताना माणूस नव्वद फूट खाली जातो, तेव्हा ते माणसाचं प्रकरण होतं. मुख्य ऑफिसात चौकशी, एक डिसेंबर, सकाळी अकरा. तोपर्यंत भाऊजींनी विमानाला हात लावायचा नाही.

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर! ऑफिसात माहिती वेळेवर खाली पोचत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

व्हरांड्यात भाऊजींनी मला गाठलं. हळू आवाजात विचारलं, "पानं तू त्याच दिवशी घातली होतीस ना?"

मी हो म्हणालो.

"मग मीच चुकीचं वाचलं," भाऊजी म्हणाले.

शांतपणे म्हणाले. पटल्यासारखे. एकदा पटलेल्या माणसाला पुन्हा गोंधळात टाकणं बरं नाही.

१८ नोव्हेंबर, बुधवार

भाऊजी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे थोडं आहे, काळजीचं काही नाही. तरी चष्मा करून घेतला. तसा डोळे तपासून घेण्यात तोटा काहीच नसतो. चाळिशीनंतर सगळ्यांनी घ्यावेत.

दुकानात तांबडे टॅब आले आहेत. घेतले नाहीत.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

भाऊजी घरातले आकडे वाचत फिरतात. औषधाच्या बाटलीवरची तारीख, विजेचा मीटर, डब्याखालचा नंबर. मोठ्यानं वाचतात आणि ताईला म्हणतात, बघ बरं, बरोबर आहे का. पहिल्या दिवशी ताई हसली. काल म्हणाली, हो, बरोबर आहे. आज नुसती मान हलवली.

ठरलं. सांगून टाकायचं. भाऊजींच्याच पद्धतीनं, जमिनीवर बसून आकडा ठरवला. रविवार, दुपारचं जेवण. त्याच्या पलीकडे एक मिनिटही नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार, दुपारी ३

गो-अराउंड.

तयारी पूर्ण होती. घास घेतला, पाणी प्यायलो, "भाऊजी," म्हणालो. त्यांनी वर बघितलं. चष्म्यातून त्यांचे डोळे मोठे दिसतात, त्याची मला सवय नव्हती. मी मीठ मागितलं. मीठ माझ्यासमोरच होतं.

परिस्थिती नसताना उतरणं धोक्याचं. नवा आकडा: बुधवार संध्याकाळ. हा पक्का.

२५ नोव्हेंबर, बुधवार

त्यांच्या खोलीपर्यंत गेलो. दार अर्धवट उघडं होतं. भाऊजी कॅलेंडरपासून एकेक पाऊल मागे जात तारखा वाचत होते. चष्म्याशिवाय. मग चष्मा लावून. मग पुन्हा चष्म्याशिवाय. प्रत्येक वेळी बरोबर वाचत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा जास्तच पडत होता. डोळे ठीक आहेत तर मग बिघडलंय काय, असं काहीतरी.

गो-अराउंड. आकडा थोडा खाली घेतला: शुक्रवार. फार तर शनिवार.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

बाईंचा सल्ला घेतला. नाव न घेता. एक मित्र आहे, म्हटलं, त्याला एक गोष्ट कबूल करायची आहे, तो ठरवतो, जवळ जातो, आणि दर वेळी परत वर येतो. गो-अराउंडचं शहाणपण आहेच त्याच्याकडे, पण पुढे काय?

बाईंनी खिडकीतून ढग बघितले, वहीत लिहिले. मग म्हणाल्या, "त्याला म्हणावं, वर फिरायला इंधन लागतं. ते संपलं की विमान आपोआप खाली येतं, पट्टी असो नसो."

मग त्यांनी विचारलं, मित्र आपल्या ऑफिसात आहे का. मी म्हणालो, छे, लांब असतो. बऱ्याच लांब. त्या बरं म्हणाल्या. पण पेन खाली ठेवलं नाही आणि काही लिहिलंही नाही.

बाईंशी यापुढे कामापुरतंच बोलायचं.

२८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी ताई कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देत होतो. ती म्हणाली, त्यांनी ठरवलंय. मंगळवारी चौकशीत ते स्वतःहूनच सांगणार, मला खाली बसवा. गोदामात, टपालाच्या खिडकीवर, कुठेही. ज्याला पानावरचा आकडा खात्रीनं वाचता येत नाही त्यानं माणसांना घेऊन वर जाऊ नये, म्हणतात.

मग ती म्हणाली, "तू तरी आता कुठे जाऊ नकोस हं. तू आहेस म्हणून धीर आहे."

माझ्या हातात तीन चिमटे होते. ते मी माझ्याच शर्टाला लावले. का, माहीत नाही.

आज सांगायचं होतं. पण ताईचं मन आधीच दुखावलेलं. एका दिवशी एवढं नको.

३० नोव्हेंबर, सोमवार

नीट विचार केला. तोंडी कबुलीचं काय, हवेत विरते. लेखी पाहिजे. साहेबांच्या नावे पत्र लिहिलं. पहिला मसुदा सहा पानांचा झाला. त्यातली अडीच पानं घड्याळं दुरुस्त करणाऱ्यावर होती, ती काढावी लागली. शेवटचा मसुदा चार ओळींचा. पानं मी घातली नव्हती. नंतर गुपचूप घातली. भाऊजींनी वाचलं ते बरोबर वाचलं. त्यांचे डोळे चांगले आहेत.

चांगलं पत्र आहे. दुसऱ्याचं असतं तर मला त्या माणसाबद्दल आदर वाटला असता.

पत्र गेल्यावर मी इथे असणं मात्र सगळ्यांनाच जड जाईल. म्हणून उद्या निघतो. बंदरावर जहाजं रंगवणारा जुना मुकादम मला कधीही ये म्हणाला होता. पत्र तिथूनच टाकीन. गुरुवारपर्यंत पोचेल. चौकशी उद्याच आहे हे खरं, पण खऱ्याला उशीर झाला तरी ते खरंच राहतं.

वेळा जुळवल्या. भाऊजी सकाळी सातच्या विमानानं मुख्य ऑफिसला जाणार, दुसऱ्या पायलटच्या शेजारी बसून. ताई त्यांच्यासोबत. दोघे सहाला विमानतळाकडे निघणार. माझी आगगाडी सहा चाळीसला. ते पूर्वेकडे, मी स्टेशनकडे. गाठ पडायचा प्रश्नच नाही. नियोजन म्हणतात ते हे.

१ डिसेंबर, मंगळवार, सकाळी ६.२५

रेल्वे स्टेशन. वेटिंग रूम.

पाचला उठलो. पहिल्यांदाच. म्हणजे मला जमतं.

धुकं असं की चालताना स्वतःचे बूट दिसेनात. निसटायला उत्तम. भाऊजींच्या खोलीत दिवा होता, जिन्यावरून पाय न वाजवता उतरलो. रस्त्यात फक्त एक दूधवाला दिसला, तोही आधी ऐकू आला.

प्लॅटफॉर्मवरचा तिसरा दिवा इथून दिसत नाही. दुसरा नुसता पिवळट डाग. बाईंच्या हिशेबानं ढग जमिनीलाच टेकलेत. तीनशे चाळीस सोडा, जुन्या अडीचशेलाही आज पट्टी दिसणार नाही. आज आमच्या विमानतळावर ना काही उतरेल ना काही सुटेल. हे मी फोन न करता, पान न उघडता सांगू शकतो. चार महिन्यांत एवढं शिकलो. डिस्पॅचरची परीक्षा दिली असती तर पहिल्या झटक्यात सुटलो असतो.

६.४०

गाडी लेट. धुक्यामुळे. एक तास तरी, असं स्टेशन मास्तर म्हणाले. त्यांना मी मिनिमम म्हणजे काय ते समजावलं. आगगाडीलाही असा आकडा असावा, असं सुचवलं. ते कामाला लागले.

बॅग शेजारच्या खुर्चीवर ठेवली. पत्र आतल्या कप्प्यात. दोनदा हात लावून पाहिलं. प्लॅटफॉर्मवर एक टपालपेटी आहे, पण ती जुनाट दिसते. रोज उघडतात की नाही कोण जाणे.

वेटिंग रूम भरत चालली. इतकी गर्दी मंगळवारी सकाळी कशी? दोन माणसं विमान कंपनीच्या पट्ट्या लावलेल्या सुटकेसी घेऊन आली. एकजण फोनवर सांगत होता, सातचं रद्द झालं, आता गाडीनंच येतो.

७.०५

हे मला कळायला हवं होतं.

दारात ताई उभी आहे. तिच्यामागे भाऊजी, इस्त्रीचा शर्ट, काखेत ती फाइल. दोघांनी मला पाहिलंय. ताईनं आधी मला पाहिलं आणि मग बॅगेकडे. भाऊजी भिंतीवरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचून आले असावेत, कारण मला काही विचारण्याआधी ते ताईला म्हणाले, "सात पंचेचाळीस. बघ बरं, बरोबर वाचलं का."

खोलीत एकच खुर्ची मोकळी आहे. ती माझ्या बॅगेनं अडवली आहे.

बॅग उचलली. पत्र काढून भाऊजींपुढे धरलं.